विश्लेषण : महासाथीत ‘कॅज्युअल्टी’ ओस का पडल्या? घरीच थांबलेल्या रुग्णांचे काय झाले?

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरातील बातम्यांत रुग्णालये दिसत होती ती गर्दीची. भरलेल्या खाटा, अपुरे पडणारे प्राणवायू यंत्र, दाराबाहेर थांबलेल्या रुग्णवाहिका. त्याच आठवड्यांत या रुग्णालयांच्या दुसऱ्या एका भागात मात्र शुकशुकाट होता. आकस्मिक सेवा विभाग, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, तेथे येणाऱ्या एकूण रुग्णांची संख्या अनेक देशांत निम्म्यावर आली होती. छातीत दुखते म्हणून, अर्धांगवायूची लक्षणे दिसतात म्हणून, लहान मूल तापाने फणफणले म्हणून धावत येणारे रुग्ण अचानक दिसेनासे झाले. ते बरे झाले होते, की घरीच थांबले होते? या प्रश्नाची उत्तरे पुढील काही वर्षांत आकडेवारीतून मिळत गेली. पुढची साथ येईल तेव्हा ती उपयोगी पडणारी आहेत.

नेमके किती रुग्ण घटले?

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी याबाबत सर्वाधिक उद्धृत केली जाते. २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत, निरीक्षणाखालील रुग्णालयांच्या आकस्मिक विभागांत आलेले रुग्ण २०१९ च्या याच काळाच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी होते. आठवड्याला सरासरी २१ लाखांवरून हा आकडा १२ लाखांवर आला. सर्वांत मोठी घट १४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये होती.

इंग्लंडमध्ये घसरण आणखी तीव्र होती. तेथील आकस्मिक विभागांत एप्रिल २०१९ मध्ये सुमारे २१ लाख रुग्ण आले होते. एप्रिल २०२० मध्ये ही संख्या सुमारे ९ लाख १७ हजार झाली. म्हणजे ५७ टक्के घट. इटलीतील काही बालरुग्णालयांत तर मार्च २०२० मध्ये आकस्मिक विभागात येणारी मुले ७३ ते ८८ टक्क्यांनी कमी झाली.

ही घट टाळेबंदीपुरती राहिली नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्येही आकस्मिक विभागांतील रुग्णसंख्या वर्षभरापूर्वीपेक्षा २५ टक्क्यांनी कमीच होती.

मग आजारच कमी झाले होते का?

काही प्रमाणात, हो. रस्ते रिकामे होते, कारखाने आणि बांधकामे बंद होती, शाळांची मैदाने ओस होती. साहजिकच अपघात आणि दुखापती घटल्या. भारतात २०१९ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ५१ हजार ११३ जणांचा मृत्यू झाला होता. २०२० मध्ये ही संख्या १ लाख ३१ हजार ७१४ झाली. अपघातांची संख्याही सुमारे साडेचार लाखांवरून ३ लाख ६६ हजारांवर आली. हे जीव खरोखरच वाचले.

दुसरे कारण संसर्गाचे. मुखपट्टी, हात धुणे, शाळा बंद असणे यामुळे करोनाबरोबर इतर विषाणूंचा प्रसारही थांबला. नेहमीचा फ्लू तर २०२०-२१ च्या हिवाळ्यात जगाच्या मोठ्या भागातून जवळपास गायब झाला. मुलांचे कानदुखी, सर्दी-ताप, जुलाब असे आजार कमी झाले.

तिसरा गट किरकोळ तक्रारींचा. इतर वेळी कॅज्युअल्टीत येणाऱ्यांपैकी काहींचे काम खरे तर जवळच्या दवाखान्यातही भागू शकते. असे रुग्ण या काळात घरी थांबले, फोनवर सल्ला घेऊन बरे झाले.

मात्र या तीन कारणांनी सगळी घट स्पष्ट होत नाही. हृदयविकाराचा झटका टाळेबंदी पाहून येत नाही. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होणे मुखपट्टीने थांबत नाही. तरीही हे रुग्ण घटले होते.

हृदयविकाराचे रुग्ण कुठे गेले?

इटलीतील ५४ रुग्णालयांनी १२ ते १९ मार्च २०२० या एका आठवड्याची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी केली. हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी भरले. त्यातही भेद होता. मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा तीव्र झटका सुमारे २६ टक्क्यांनी कमी नोंदवला गेला, तर रक्तवाहिनी अंशतः अडल्याने येणारा, तुलनेने सोसण्यासारख्या वेदनांचा झटका ६५ टक्क्यांनी. ज्यांना वेदना असह्य झाल्या ते आले; ज्यांना ‘थोडे थांबून पाहू’ म्हणता आले, ते थांबले, असा याचा एक अर्थ निघतो.

थांबण्याची किंमतही त्याच अभ्यासात दिसली. तीव्र झटक्याने दाखल झालेल्यांपैकी २०१९ मध्ये ४.१ टक्के रुग्ण दगावले होते. २०२० च्या त्या आठवड्यात हे प्रमाण १३.७ टक्के होते.

अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या दहा आठवड्यांत आकस्मिक विभागांत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण २३ टक्क्यांनी, पक्षाघाताचे २० टक्क्यांनी आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत वाढलेले रुग्ण १० टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये हृदयाच्या तीव्र त्रासासाठी आठवड्याला सरासरी ३,०१७ जण दाखल होत असत. मार्च २०२० च्या अखेरीस ही संख्या १,८१३ पर्यंत खाली आली.

न आलेल्यांपैकी काही जण घरीच मृत्युमुखी पडले. पॅरिस आणि परिसरात १६ मार्च ते २६ एप्रिल २०२० या सहा आठवड्यांत रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या दुपटीवर गेले. त्यातील ९० टक्क्यांहून अधिक घटना घरात घडल्या. यातील सुमारे एक तृतीयांश वाढच थेट करोना संसर्गाशी जोडता आली. उरलेल्या वाढीमागे टाळलेले उपचार, उशिरा मिळालेली मदत आणि कोलमडलेली यंत्रणा ही कारणे असावीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

इटलीच्या लोम्बार्डी भागात चित्र थोडे वेगळे होते. तेथे साथीच्या पहिल्या ४० दिवसांत अशा घटना २२९ वरून ३६२ वर गेल्या. मात्र ३६२ पैकी १०३ रुग्ण करोनाबाधित किंवा संशयित होते. म्हणजे संसर्ग जेथे जास्त, तेथे वाढीतील मोठा वाटा खुद्द करोनाचा होता. त्यामुळे ‘घरी झालेले सर्व मृत्यू भीतीमुळे’ असे सरसकट म्हणता येत नाही.

रुग्ण का आले नाहीत?

पहिले कारण भीती. रुग्णालय हेच संसर्गाचे केंद्र, ही समजूत पक्की झाली होती आणि ती निराधारही नव्हती. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत परिचारिका आणि डॉक्टर बाधित झाल्याने काही नामांकित खासगी रुग्णालयांना दारे बंद करावी लागली. ‘दाखल झालो तर नातेवाइकांना भेटू देणार नाहीत’ ही धास्ती वेगळी. तपासणीत करोना निघाला तर सगळे घर विलगीकरणात जाईल, इमारतीला टाळे लागेल, शेजारी काय म्हणतील, हा हिशेबही अनेक घरांत झाला.

दुसरे कारण संदेशाचे. जवळपास प्रत्येक देशाने नागरिकांना एकच गोष्ट सांगितली, ‘घरी राहा’. इंग्लंडमध्ये त्याला ‘आरोग्य सेवेचे रक्षण करा’ अशी जोड होती. नागरिकांनी ते मनावर घेतले. डॉक्टरांकडे जाऊन यंत्रणेवर भार टाकायला नको, असे दहापैकी चौघांना वाटत असल्याचे तेथील आरोग्य सेवेच्याच पाहणीत दिसले. अखेर एप्रिल २०२० च्या शेवटी ‘गंभीर लक्षणे असतील तर या, आम्ही उपचारांसाठी सज्ज आहोत’ अशी उलट मोहीम तेथे चालवावी लागली. मेच्या अखेरीस हृदयरुग्णांची संख्या आठवड्याला २,५२२ पर्यंत सावरली. तरीही ती नेहमीपेक्षा १६ टक्क्यांनी कमी होती.

तिसरे कारण पोहोचण्याचे. वाहन नाही, सोबतीला कोणी नाही, कुठले रुग्णालय सुरू आहे याची माहिती नाही. अमेरिकेत ३० जून २०२० पर्यंत अंदाजे ४१ टक्के प्रौढांनी कोणते ना कोणते उपचार लांबवले किंवा टाळले होते. १२ टक्के लोकांनी तर तातडीचे उपचारही टाळले. हे प्रमाण अपंग व्यक्ती, एकाहून अधिक जुने आजार असलेले रुग्ण, आजारी नातेवाइकांची काळजी घेणारे लोक आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक समाजात अधिक होते. थोडक्यात, ज्यांना कॅज्युअल्टीची गरज जास्त, त्यांच्यातच ती टाळण्याचे प्रमाणही जास्त होते.

भारतात काय घडले?

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातील १८७ रुग्णालयांची माहिती एकत्र केली. २०१९ आणि २०२० मधील ४१ हजारांहून अधिक हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी तपासल्या. टाळेबंदीच्या काळात असे रुग्ण दाखल होण्याचे प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून दिसले.

आपल्याकडे भीतीइतकाच वाटा अडचणींचा होता. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच, २३ मार्चपासून मुंबईची लोकल बंद झाली होती. १५ जूनला ती पुन्हा धावली तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पनवेल येथील असंख्य कुटुंबांसाठी केईएम, शीव किंवा जेजे रुग्णालय गाठण्याचा मार्ग लोकलचाच. डोंबिवलीतील एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला पहाटे छातीत दुखू लागले, असे समजा. एरवी मुलगा रिक्षा करून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेतो, तेथून ईसीजी काढून पुढे पाठवतात. एप्रिल २०२० मध्ये रिक्षा नाही, नर्सिंग होम बंद किंवा ‘आधी करोनाचा अहवाल आणा’ म्हणणारे, आणि रुग्णवाहिकेला मागणी प्रचंड. या साखळीतील एक कडी तुटली तरी तासाचे चार तास होतात.

रुग्णालयांचे स्वरूपही रातोरात बदलले. मुंबईतील नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्णपणे करोना रुग्णांसाठी राखीव करण्यात आले. दिल्लीच्या ‘एम्स’ने २४ मार्चपासून बाह्यरुग्ण विभाग बंद केला. मे महिन्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दरांवर मर्यादा आणली. करोना रुग्णांसाठी हे आवश्यकच होते. पण इतर आजारांच्या रुग्णाला आता नेमके कुठे जायचे, याची माहिती त्याच वेगाने घरोघरी पोहोचली नाही. वर्षानुवर्षे ज्या दारात जायची सवय, ते दार बंद असल्याचे अनेकांना दारात गेल्यावरच कळले.

मुंबईतील मृत्यूंची नोंद या संदर्भात बोलकी आहे. २०१९ मध्ये शहरात सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदवले गेले होते. २०२० मध्ये सुमारे १ लाख १२ हजार. वाढ सुमारे २१ हजारांची, तर त्या वर्षी करोनाने झालेले अधिकृत मृत्यू सुमारे ११ हजार. मधल्या फरकात न नोंदवलेले करोना मृत्यू असणार, तसे वेळेत उपचार न मिळालेलेही असणार. त्यांची विभागणी कोणत्याच नोंदवहीत नाही.

उशिराने एवढे काय बिघडते?

हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली की त्यापुढचा स्नायू मरू लागतो. वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. म्हणूनच रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी व्हावी, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्व आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूची मोठी वाहिनी बंद असेल तर उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. जो रुग्ण पाच तासांनी येतो, त्याच्यासाठी डॉक्टर तेच, यंत्रे तीच. पण इंजेक्शनची वेळ टळून गेलेली असते.

हाँगकाँगमधील एका रुग्णालयाने साथीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांची नोंद ठेवली होती. त्रास सुरू झाल्यापासून वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचण्यास हृदयरुग्णांना आधीच्या वर्षी साधारण ८२ मिनिटे लागत. तो काळ ३१८ मिनिटांवर गेला. ही पाहणी अवघ्या सात रुग्णांची होती. पण नंतर इटलीतील मोठ्या अभ्यासातही लक्षणांपासून उपचारांपर्यंतचा कालावधी सुमारे ३९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

उशीर रुग्णालयाच्या दारापर्यंतच नव्हता, आतही होता. रुग्ण आला की आधी करोनाची शक्यता तपासायची, डॉक्टर-परिचारिकांनी पीपीई संच चढवायचा, अँजिओप्लास्टीनंतर कॅथलॅब निर्जंतुक करायची. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे जात होती. त्यामुळे अनेक ठिकाणी अँजिओप्लास्टीऐवजी गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा आधार घेतला गेला.

मुलांवर काय परिणाम झाला?

इटलीतील पाच रुग्णालयांनी मार्च २०२० च्या अखेरच्या एका आठवड्यात उशिरा आणलेल्या १२ मुलांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोणाला नव्याने मधुमेह झाला होता आणि तो ओळखलाच गेला नव्हता, कोणाला रक्ताचा कर्करोग होता. संसर्गाच्या भीतीने पालकांनी रुग्णालय टाळले होते. काहींनी फोन करूनही मदत मिळाली नव्हती. या १२ पैकी निम्म्या मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि चार मुले वाचू शकली नाहीत. आकडा लहान आहे, पण ही मुले करोनाने गेलेली नव्हती.

याच काळात मुलांच्या मानसिक आरोग्याचा भार आकस्मिक विभागांवर वाढला. अमेरिकेत एप्रिल ते ऑक्टोबर २०२० मध्ये आकस्मिक विभागात आलेल्या एकूण मुलांमध्ये मानसिक त्रासामुळे आलेल्यांचे प्रमाण २०१९ च्या तुलनेत ५ ते ११ वयोगटात २४ टक्क्यांनी, तर १२ ते १७ वयोगटात ३१ टक्क्यांनी वाढले. शाळा, मित्र, समुपदेशक हे नेहमीचे आधार बंद झाल्यावर कॅज्युअल्टी हाच शेवटचा दरवाजा उरला होता.

हे प्रथमच घडले का?

नाही. २००३ मध्ये ‘सार्स’ची साथ आली तेव्हा तैवानमध्ये हेच घडले होते. २४ एप्रिल २००३ रोजी तैपेई शहरातील होपिंग रुग्णालय आतील रुग्ण आणि कर्मचाऱ्यांसह बंद करण्यात आले. त्यानंतर रुग्णालयांविषयीची धास्ती देशभर पसरली. साथीच्या शिखरावर तैवानमध्ये बाह्यरुग्ण सेवांचा वापर २३.९ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५.२ टक्क्यांनी घटले. तैवानमधील सार्सबाधितांची संख्या काही शेकड्यांत होती. म्हणजे आजार मूठभरांना झाला आणि उपचार लाखोंनी टाळले. हा अनुभव सतरा वर्षे आधी नोंदवलेला असूनही २०२० मधील बहुतेक देशांच्या पहिल्या आवाहनांत त्याची दखल नव्हती.

नंतरच्या लाटांत चित्र कसे बदलले?

पहिल्या लाटेत कॅज्युअल्टी ओस होती. दुसऱ्या लाटेत ती ओसंडून वाहिली. एप्रिल-मे २०२१ मध्ये देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदवले जात होते. प्राणवायूची पातळी खालावलेल्या रुग्णांना घेऊन नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे फिरत होते. या गर्दीत इतर आजारांच्या रुग्णाला जागा मिळणे आणखी अवघड झाले.

मुंबईने यासाठी केलेला एक प्रयोग देशभर चर्चिला गेला. जून २०२० पासून महापालिकेने २४ प्रभागांत ‘वॉर रूम’ उभ्या केल्या. रुग्णाने थेट रुग्णालयाच्या दारात जाण्याऐवजी प्रभागातील वॉर रूमने त्याची प्रकृती पाहून खाट ठरवून द्यायची, अशी ही पद्धत होती. त्यामुळे कॅज्युअल्टीवरील करोना रुग्णांचा थेट लोंढा काही प्रमाणात आवरता आला.

साथ ओसरल्यानंतर वेगळीच अडचण उभी राहिली. लांबवलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांमुळे अनेकांचे आजार बळावले होते. दुसरीकडे थकलेले कर्मचारी नोकरी सोडत होते. फ्लूही परतला होता. इंग्लंडमध्ये आकस्मिक विभागातील ९५ टक्के रुग्णांचा निर्णय चार तासांत व्हावा असे उद्दिष्ट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत घसरले. दाखल करण्याचा निर्णय झाल्यानंतरही १२ तासांहून अधिक काळ खाटेची वाट पाहणाऱ्यांची संख्या त्या एका महिन्यात ५४ हजारांवर होती. हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या रुग्णांकडे १८ मिनिटांत पोहोचणे अपेक्षित असलेल्या रुग्णवाहिकेला सरासरी दीड तासाहून अधिक वेळ लागला. ज्यांना २०२० मध्ये ‘या’ म्हणून विनवावे लागले होते, त्यांना आता दाराबाहेर थांबावे लागत होते.

काही बदल टिकले का?

दूरध्वनी आणि व्हिडीओवरील सल्ला हा सर्वांत ठळक टिकलेला बदल. केंद्राने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यापूर्वी डॉक्टरने रुग्णाला न पाहता औषध लिहून देण्याबाबत कायदेशीर संदिग्धता होती. १३ एप्रिलपासून ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही मोफत सेवा सुरू झाली. इंग्लंडने ‘१११’ क्रमांकावर आधी फोन करून मगच आकस्मिक विभागात येण्याची पद्धत रुळवण्याचा प्रयत्न केला.

किरकोळ तक्रारींसाठी या सोयी उपयुक्त आहेत. मात्र छातीत दुखणे, बोलताना जीभ जड होणे अशा वेळी फोनवरील सल्ल्यात वेळ घालवणे धोक्याचेच.

पुढच्या साथीसाठी धडा कोणता?

पहिला धडा आवाहनाच्या शब्दांचा. ‘घरी राहा’ या वाक्याच्या पाठोपाठ ‘पण ही लक्षणे दिसली तर तत्काळ रुग्णालयात या’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून सांगावे लागेल. इंग्लंडला ते सांगायला महिना लागला.

दुसरा धडा दोन दारांचा. संसर्गाची शक्यता असलेले रुग्ण आणि इतर अत्यवस्थ रुग्ण यांचे प्रवेश, प्रतीक्षा कक्ष आणि कर्मचारी वेगळे असतील, तरच ‘रुग्णालय सुरक्षित आहे’ या म्हणण्यावर लोक विश्वास ठेवतील. शहरातील सगळी मोठी सार्वजनिक रुग्णालये एकाच आजारासाठी न देता प्रत्येक विभागात किमान एक रुग्णालय इतर आजारांसाठी राखणे आणि त्याचे नाव सतत सांगत राहणे हे त्यातच आले.

तिसरा धडा उपचार रुग्णाजवळ नेण्याचा. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी महासाथीच्या आधीपासून अशी व्यवस्था आहे. आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे जातो, निदान झाले की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथल्या तेथे दिले जाते आणि मग रुग्ण बांबोळीला हलवला जातो. वाहतूक ठप्प असताना अशा व्यवस्थेचे मोल आणखी वाढते. महाराष्ट्रात २०१४ पासून ‘१०८’ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिकांचे जाळे उभे राहिले. साथीच्या काळात त्यातील किती करोनासाठी आणि किती इतर रुग्णांसाठी, हे आधीच ठरलेले हवे.

चौथा धडा नोंदींचा. अमेरिका, इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीतील रुग्ण घटल्याचे काही आठवड्यांत समजले, कारण तेथे ही माहिती नियमित गोळा होते. आपल्याकडे शहरातील हृदयविकाराचे रुग्ण या आठवड्यात निम्म्यावर आले, हे कळण्याची सोय नसेल तर धोक्याची घंटाही वाजणार नाही. साथीत बाधितांचा दैनंदिन आकडा जसा जाहीर होतो, तसा न आलेल्या हृदयरुग्णांचा अंदाजही प्रशासनाच्या टेबलावर असायला हवा.

कोणत्या लक्षणांत थांबू नये?

साथ असो वा नसो, काही लक्षणे दिसताच ‘१०८’ला फोन करणे किंवा जवळचे रुग्णालय गाठणे हाच मार्ग असतो. छातीत दाब किंवा वेदना, ती डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, सोबत दरदरून घाम. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. अचानक धाप लागणे, शुद्ध हरपणे, फिट येणे. गरोदरपणात रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे. मूल सुस्त पडणे, दूध-पाणी न घेणे, बराच वेळ लघवी न होणे. सर्पदंश किंवा विषबाधा. यांपैकी कोणत्याही स्थितीत सकाळपर्यंत वाट पाहण्यात होणारे नुकसान बहुतेक वेळा संसर्गाच्या शक्यतेपेक्षा मोठे असते. २०२० मध्ये हे अनेक घरांत उमगले, पण तोवर उशीर झाला होता.